ओहमवर ठेवून मोजायचं की व्होल्ट-अँपिअर घेऊन भागायचं?

विहिरीवरची मोटर कुरकुरायला लागली की केबलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, पाहावा लागतो. त्याच्या वाटा दोन. लाइन बंद करून मीटर ओहमवर ठेवायचा, नाहीतर मोटर चालू ठेवून व्होल्ट अन् अँपिअर घ्यायचे आणि भागाकार करायचा. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत. दोन्हींची आपापली जागा आहे, पण माझा हात आता आधी क्लॅम्पमीटरकडेच, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरकडेच जातो.

आमचं घर आर्वीकडे. घरापासून गोठ्यामागची विहीर 120 मीटर. तेवढी 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल जमिनीतून नेलेली, अन् विहिरीत एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल. मागच्या चैत्रात मोटर चांगली सुरू व्हायची अन् दहा-पंधरा मिनिटांत ओव्हरलोडवर ट्रिप व्हायची. मिस्त्रीने लाइन काढली, विहिरीवर केबलची टोकं एकमेकांना जोडली अन् घरच्या बाजूने ओहम पाहिले. 2.2 आले. हिशेबात काही खोट नव्हती. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला 7.4 ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन 240 मीटरचे 1.8 झाले, वरचे मीटरच्या लीडचे. "केबल ओके आहे भाऊ, वाइंडिंग गेली," म्हणाला.

चार माणसं लावून पाइपासकट मोटर वर ओढली. दुकानात पाण्यात बुडवून चालवली तर ठणठणीत. दोन दिवस बैलबंडीवर ड्रम ठेवून गुरांना पाणी आणलं, ते मी विसरलेलो नाही. मिस्त्री खोटं बोलला नव्हता, मीटरही बिघडलेला नव्हता. मोजलं गेलं ते थंड, रिकाम्या केबलचं. त्रास होता भार पडलेल्या केबलमध्ये. ओहमच्या या एका खोडीने माझा कल ठरवला.

मोटर परत सोडली तेव्हा भाचा आला होता. म्हणाला, "मामाजी, चालू असतानाच पाहू न." घरच्या बोर्डावर 224 व्होल्ट, विहिरीवरच्या पॅनलमध्ये 210, करंट 7 अँपिअर. वाटेत 14 व्होल्ट गेले, 14 भागिले 7 म्हणजे 2 ओहम. इथवर केबल शहाणीच दिसत होती. दहा मिनिटांनी परत पाहिलं तर पॅनलमध्ये 196 व्होल्ट अन् करंट 8 वर चढलेला. आता 28 भागिले 8, म्हणजे 3.5 ओहम. तारेचे 1.8 वजा केले तर 1.7 ओहम कुठेतरी जास्तीचे. 8 चा वर्ग गुणिले 1.7, म्हणजे 109 वॅट एका जागी जळत होते. धुऱ्याजवळ जुना जॉइंट होता, तो उकरला. टेप वितळून चिकटलेली. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या ओढीने तो ढिला झाला असावा. थंडा असला की तारा टेकलेल्या, तापला की सुटत असाव्यात. ओहमवर मीटर तारेतून अगदी मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो, तेवढ्याने असा जॉइंट तापत नाही.

पण एक सांभाळा. मोटरवरचे 210 व्होल्ट भागिले 7 केले तर 30 येतात, ते वाइंडिंगचे ओहम नव्हेत. एसीवर गुंडाळीचा विरोध वेगळा पडतो. वाइंडिंग पाहायची तर लाइन काढून, कपॅसिटर सोडवून ओहमच लावा. तिथे त्याला पर्याय नाही. आपल्याकडे शेतातली थ्री फेज लाइन पाळीने रात्रीची येते, म्हणून दिवसा बंद लाइनवर होणारं काम ओहमचंच. पाणी तापवायच्या कॉइलला दोन्ही वाटा चालतात. 1000 वॅटची कॉइल 230 व्होल्टवर 53 ओहमच्या आसपास दाखवायला हवी.

पॉवरचंही तसंच. 224 गुणिले 7 म्हणजे 1568 होतात, पण मोटरचे खरे वॅट त्याहून कमी, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खरा कामी येणारा वाटा. मी घरातलं बाकी सगळं बंद करून विजेच्या मीटरचा लाल दिवा मोजतो. मीटरवर 3200 इंपल्सला एक युनिट लिहिलं आहे. मिनिटाला 67 वेळा लुकलुकला, म्हणजे साधारण 1250 वॅट.

एकच घ्यायचा असेल तर मी क्लॅम्पमीटर घ्या म्हणेन. बहुतेकांत ओहम अन् व्होल्ट असतातच. साध्या मल्टिमीटरने करंट पाहायला वायर तोडून तो मधे जोडावा लागतो, 10 अँपिअरच्या वर तर चालतच नाही, अन् लाल लीड करंटच्याच भोकात विसरून व्होल्ट पाहायला गेलात तर सरळ शॉर्ट. क्लॅम्पच्या चिमट्यात मात्र एकच वायर घ्या, अख्खी केबल धरली तर शून्य दाखवतो. सोलर पंपाच्या पॅनलचा करंट पाहायचा असेल तर डीसी मोजणाराच मागा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसीचे असतात. अन् पॅनल उघडताना पायात रबरी चप्पल, पायाखाली कोरडी फळी.

जॉइंट नवा केल्यावरचे आकडे मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले: 224, 211, 7. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मोटर पंधरा मिनिटं चालवून पाहिलं: 222, 209, 7.