बुंदीचे नऊ महिने आणि भांगेच्या पानाचं तेल

घाईत असाल तर एवढंच वाचा: आमच्या बुंदीची रात्र सुधारली, जिना सुधारला नाही, आणि महिन्याला साडेपाच हजारांच्या वर खर्च येतोय. सवड असेल तर पुढे या. सुरुवातीच्या तीन महिन्यांत मी जे पैसे पाण्यात घातले, ते तुमचे तरी वाचतील.

बुंदी म्हणजे आमची पिवळी लॅब्रेडॉर, वय अकरा. नाशिकचं आमचं घर जुनं, गच्चीवर जायला चौदा पायऱ्या. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ती चौथ्या पायरीवर थांबून मागे वळून बघायला लागली. छत्तीस किलोचं धूड, उचलणार कोण! एक्स-रे काढला तर दोन्ही खुबे झिजलेले, उजवा जास्त. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, दुखण्यावर कार्प्रोफेन आणि रात्रीसाठी गॅबापेंटिन दिलं. कार्प्रोफेननं तिला उलट्या सुरू झाल्या, ते बंद करावं लागलं. मग रात्री दोन वाजता, कुत्री कण्हत असताना, माणूस मोबाइलवर जे शोधतो ते मी शोधलं आणि 'हेम्प'पाशी, म्हणजे भांगेच्याच झाडापासून केलेल्या तेलांपाशी, येऊन पोचले.

आई म्हणाली, "म्हणजे आता कुत्रीला भांग पाजणार तू? निदान शिवरात्रीपर्यंत तरी थांब."

पहिली बाटली हेम्प सीड ऑइलची. लेबलवर हिरवं पान आणि हसरा कुत्रा. नोव्हेंबर-डिसेंबर दोन महिने रोज एक चमचा जेवणावर घातलं. केस असे चकाकायला लागले की शेजारचे विचारायचे, शाम्पू कोणता? चालण्यात काडीचा फरक नाही, आणि तो पडणारही नव्हता. टीएचसी (नशा आणणारं) आणि सीबीडी (नशा न आणणारं, दुखण्यावर म्हणून विकतात ते) हे भांगेतले खास घटक, ज्यांना कॅनाबिनॉइड म्हणतात, ते झाडाच्या फुलोऱ्यावरच्या आणि पानांवरच्या राळेच्या ग्रंथींत तयार होतात. बियांत ते नसतातच म्हटलं तरी चालेल. बियांचं तेल म्हणजे ओमेगा-३ आणि ओमेगा-६ असलेलं एक चांगलं खाद्यतेल. म्हणूनच एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. तेल वाईट नाही, पण सांधेदुखीच्या कुत्र्याच्या मालकाला ते 'हेम्प' या एका शब्दावर विकणं मला पटलेलं नाही.

दुसरी बाटली जानेवारीत. या वेळी शहाणी झाले होते, 'विजया पत्र अर्क १००० मि.ग्रॅ.' असं वाचून घेतली. विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव. पानाचाच अर्क का, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. शेंडे सोबत नसतील तर पान आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या कंपन्या पानापासून अर्क काढतात आणि आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकतात. भांग औषध नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असा इशारा छापावा लागतो. तो पहिल्यांदा वाचून मी दचकले होते. आता ज्या बाटलीवर तो नसतो तिच्याकडे मी संशयानं बघते.

तर ते १००० मि.ग्रॅ. मी अडाण्यासारखं ते सगळं सीबीडी धरून चालले. डॉक्टरांना बाटली दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "ताई, हजार मिलिग्रॅम अर्क आहे हे कळलं. त्यात सीबीडी किती? आणि मुख्य म्हणजे टीएचसी किती?" लेबलवर दोन्ही आकडे नव्हते. कंपनीला दोन मेल केल्यावर प्रयोगशाळेचा अहवाल आला, तोही दुसऱ्याच बॅचचा. त्यानुसार हजारात सीबीडी ३१० होतं आणि टीएचसीसुद्धा दुर्लक्ष करण्याइतकं कमी नव्हतं. अमेरिकेत हेम्प म्हणून जे झाड लावतात त्यात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असावं लागतं. आपल्याकडची भांग ही मुळात नशेची भांग, तिच्या पानात ते बरंच जास्त असू शकतं. ती बाटली परत पाठवली. पैसे अर्धेच मिळाले.

तिसरी बाटली फेब्रुवारीत. तिच्या झाकणाखालचा बॅच क्रमांक आणि अहवालातला क्रमांक जुळत होता, ३० मिलित सीबीडी १००० मि.ग्रॅ. आणि टीएचसी नावापुरतं. किंमत २,८०० रुपये. पुढचा सगळा अनुभव याच तेलाचा आहे.

मात्रेचं गणित कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही, म्हणून सांगते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं २०१८ मध्ये सांधे झिजलेल्या १६ कुत्र्यांवर प्रयोग केला होता. त्यात दर किलो वजनाला २ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा, अशी मात्रा होती, आणि त्या कुत्र्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं. बुंदीला ती मात्रा लावायची तर एका वेळी ७२ मि.ग्रॅ., म्हणजे बाटली एका आठवड्यात संपणार. बाटलीवरची सूचना काय? 'मोठ्या कुत्र्यांसाठी ८ थेंब.' आठ थेंबांत जेमतेम १०-१२ मि.ग्रॅ. बसतात. म्हणजे कंपनीच्या मात्रेनं द्या तर पोचतच नाही, आणि प्रयोगाच्या मात्रेनं द्या तर महिन्याला बारा हजार. दिवसातून दोनदा का, तर कुत्र्याच्या रक्तातलं सीबीडी चार-साडेचार तासांत निम्म्यावर येतं. आम्ही १० मि.ग्रॅ.पासून सुरुवात करून महिनाभरात किलोला १ मि.ग्रॅ.पर्यंत गेलो, नेहमी जेवणासोबत. रिकाम्या पोटी दिलं तेव्हा पातळ शी झाली होती.

मार्चमध्ये एक भलतंच घडलं. खालच्या मजल्यावर काका राहतात. त्यांना झोपेसाठी वैद्यांनी भांगेचंच तेल दिलंय, त्यात टीएचसी चांगलं असतं. तशीच तपकिरी बाटली, तसाच ड्रॉपर. काका गावाला जाताना ती आमच्या फ्रिजमध्ये ठेवून गेले. आईनं संध्याकाळी चष्मा न लावता त्यातलं एक मिलि बुंदीच्या पोळीवर घातलं. दीड तासानं बुंदी उठली आणि दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. मागचे पाय फाकलेले, उभ्याउभ्या लघवी गळतेय, भांडं वाजलं तरी अंग झटकतेय. मला वाटलं अर्धांगाचा झटका.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? दादा गप्प. त्याच्या डोक्यात पोलीस. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मला पोलिसात द्यायचं नाहीये कोणाला. खरं सांगितलंत तर मी उगाच विषबाधेच्या वीस चाचण्या करत बसणार नाही." मग मी सांगितलं. यावर उतारा असा नसतो. सलाइन, उबदार पांघरूण, नाडीवर लक्ष, आणि थांबायचं. तिचं तापमान उतरलं होतं, ठोके मंदावले होते. सकाळी आठला शेपूट हलली. डॉक्टरांकडून कळलं की तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत (सेरेबेलममध्ये) कुत्र्यांना टीएचसी ज्यावर जाऊन बसतं ते सीबी-१ रिसेप्टर खूप दाट असतात, म्हणून तोल आधी जातो. एरवी हेच तेल घेऊन काका सकाळी फिरायला जातात. तेव्हापासून बुंदीच्या बाटलीला पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळलीय आणि ती फ्रिजमध्ये नाही, औषधांच्या डब्यात असते. घरात कोणी भांगेच्या अर्काच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) वगैरे आणत असेल तर आणखी सांभाळा. त्यांत कधी साखरेऐवजी झायलिटॉल असतं, आणि कुत्र्यासाठी ते स्वतंत्र विष आहे.

एप्रिलमध्ये बुंदी छान चालायला लागली. मी सगळ्यांना सांगत सुटले. डॉक्टरांनी मात्र गार पाणी ओतलं. "थंडी गेली, वजन तीन किलो उतरलं, कोवळ्या उन्हात बसतेय. यातलं तेलाचं किती?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. निफाडला दवाचा बर्फ होतो त्या दिवसांत माझेही गुडघे बोलतात आणि एप्रिलमध्ये गप्प होतात. त्यात मी मात्रा वाढवून किलोला दीड मि.ग्रॅ. केली होती. मे महिन्यात रक्त तपासलं तर यकृताचं अल्कलाइन फॉस्फटेज (यकृतावर ताण आला की रक्तात वाढणारं एक एन्झाइम) फेब्रुवारीत ९२ होतं ते २६० झालेलं. सीबीडी घेणाऱ्या कुत्र्यांत हे होतं, कॉर्नेलच्या प्रयोगातही झालं होतं. बाकीच्या चाचण्या बऱ्या होत्या, तरी डॉक्टरांनी पुन्हा किलोला १ मि.ग्रॅ.वर आणलं. ऑगस्टमध्ये तो आकडा १७८ होता. सीबीडी यकृतातच मोडतं आणि कितीतरी औषधंही तिथेच मोडतात, त्यामुळे तुमचं जनावर फिटच्या किंवा दुसऱ्या कायमच्या गोळ्यांवर असेल तर डॉक्टरांना न सांगता हे सुरू करू नका.

मग जून-जुलैत दादानं एक उद्योग केला, आणि मला तो अजून आवडतो. त्यानं रिकामी बाटली न धुता तिच्यात ज्या साध्या तेलात सीबीडी मिसळतात ते एमसीटी तेल भरलं. वास तोच, टेप तीच. तीन आठवडे एक बाटली, तीन आठवडे दुसरी. आधी कुठली, ते त्यानं नाणं उडवून ठरवलं आणि आम्हाला सांगितलं नाही. आई रोज कालनिर्णयाच्या चौकटीत लिहायची: रात्री किती वेळा उठली, जिना चढली का, लंगडली का.

बेचाळीस दिवसांनी हिशेब मांडला. खऱ्या तेलाच्या २१ रात्रींत बुंदी एकूण १९ वेळा उठली, साध्या तेलाच्या २१ रात्रींत ४४ वेळा. जिना एकीकडे १६ दिवस चढली, दुसरीकडे १५ दिवस. लंगडण्यात फरक शून्य. कुठले आठवडे खरे हे आईनं बरोबर ओळखलं. मी चुकले. साध्या तेलाच्या पहिल्याच आठवड्यात ती एका दमात गच्चीवर गेली, तेव्हा 'बघा, औषध लागू पडतंय' म्हणून मी व्हिडिओ काढला होता. तो अजून फोनमध्ये आहे. २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठानं किलोला अडीच मि.ग्रॅ. देऊन असाच आलटून-पालटून प्रयोग केला, त्यांनाही सीबीडी आणि साधं तेल यांत सांधेदुखीपुरता फरक सापडला नव्हता. एकाच कुत्रीवरच्या आमच्या कालनिर्णयाला कोणी संशोधन म्हणणार नाही, पण माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास तेव्हापासून कमी झालाय. रात्रीच्या झोपेबद्दलही डॉक्टर म्हणतात, दुखणं कमी झालं म्हणून झोपते की नुसती गुंगी येते, हे बाहेरून कळत नाही. गॅबापेंटिनही चालूच आहे.

गणपतीत ढोलांच्या भीतीवर दुप्पट मात्रा देऊन पाहिली, डॉक्टरांच्या परवानगीनं. अनंत चतुर्दशीला ती नेहमीसारखीच दिवाणाखाली. त्याच्यासाठी घेत असाल तर घेऊ नका.

मांजर असणाऱ्यांचे प्रश्न येतील. आमच्या चिंगीच्या हिरड्या सुजल्या होत्या, मोह झाला, पण दिलं नाही. कुत्र्यामांजरांना बारा आठवडे सीबीडी देऊन २०१९ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात मांजरांच्या शरीरात ते कुत्र्यांपेक्षा कमी शोषलं गेलं, त्या सारख्या चाटत आणि डोकं झटकत होत्या, आणि एकीचं एएलटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) वाढलेलंच राहिलं. शिवाय यातल्या कित्येक तेलांत लिमोनीनसारखी सुगंधी द्रव्यं असतात, ती मांजरांना सोसत नाहीत. चिंगीचे दात काढून घेतले. आता ती बुंदीच्या ताटात तोंड घालते, म्हणून तेलाची पोळी मी हातानं भरवते.

आणि 'प्राण्यांसाठी मान्यताप्राप्त' असं कोणी विक्रेता फोनवर म्हणाला तर कोणाची मान्यता ते विचारा. अमेरिकेच्या एफडीएनंसुद्धा (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) आजवर जनावरांसाठी एकही सीबीडी औषध मंजूर केलेलं नाही.

सध्या बुंदी ३३ किलोची आहे. सकाळी एक मिलि, रात्री एक मिलि, महिन्याला दोन बाटल्या, दर तीन महिन्यांनी रक्त. सकाळची मात्रा बंद करून नुसती रात्रीची चालते का, हे दिवाळीनंतर बघायचं ठरलंय, म्हणजे खर्च निम्म्यावर येईल. दादानं नाणं काढून ठेवलंय. जिन्यावर आम्ही कालच काथ्याची पायपुसणी चिकटवली, दर पायरीला एक, नव्वद रुपयांचं. आज ती चौथ्या पायरीवर थांबली नाही, नवव्या पायरीवर थांबली.