विखुरलेली ऑटोमेशन साधनं एकत्र आणायची तर कोणती वाट धरावी? बेळगाव-कागल पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी तुलना

उद्यमबागेत फौंड्री, मच्छेला मशीन शॉप, कागलला आणखी एक युनिट आणि विक्रीचं ऑफिस पुण्यात. एवढा पसारा झाला की प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपापल्या सोयीचं ऑटोमेशन आधीच करून ठेवलेलं असतं. अकाउंट्सला टॅली आणि एक्सेलचे मॅक्रो, क्वालिटीला मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट, खरेदी विभागात कोणा हौशी पोराने बसवलेलं एनएटएन (n8n, वेगवेगळी सॉफ्टवेअर जोडणारं साधन), कागलला सॅप हे मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर. आपापल्या जागी हे सगळं चांगलं चालतं. दुखणं मधल्या जागेत आहे. इथला आकडा तिथे न्यायला अजूनही माणूसच बसतो आणि तो रजेवर गेला की डिस्पॅच अडतो.

हे एकत्र आणायच्या वाटा तीन. सगळ्यांना एकाच सूटवर, म्हणजे सगळे विभाग सांभाळणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं. किंवा आहे ते ठेवून वर एक जोडणारा थर बसवायचा. किंवा साधनं ज्याची त्याला ठेवून फक्त नियम आणि नोंदवही एक करायची. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी तिसऱ्या वाटेने सुरुवात करून दुसरीवर यावं. पहिली वाट तेव्हाच धरावी, जेव्हा ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, तसाही बदलायचाच आहे.

फरक कळायला एकच गाडी घ्या. उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव भाग) कागलच्या एका बाहेरच्या पार्टीकडे जॉबवर्कला, म्हणजे आपल्या मालावर काम करून परत आणायला निघालंय. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये कोगनोळीला राज्य बदलतं. आपला जीएसटी नंबर 29 ने सुरू होतो, त्यांचा 27 ने. एरवी ई-वे बिलाला, म्हणजे माल वाहतुकीआधी पोर्टलवरून काढायच्या जीएसटीच्या कागदाला, 50,000 रुपयांची मर्यादा असते. माल परराज्यातल्या जॉबवर्करकडे जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. 200 किलोमीटरपर्यंत त्याची मुदत एक दिवसाची. माल एका वर्षात परत यायला हवा आणि त्याचा हिशेब आयटीसी-04 या जीएसटीच्या फॉर्ममध्ये द्यायचा. म्हणजे मालाबरोबर जाणारं चलन, ई-वे बिल, जॉबवर्कचं रजिस्टर आणि रिटर्न अशा चार नोंदी, आणि चारही वेगवेगळ्या माणसांच्या हातात.

सूटमध्ये हे सगळं एकाच चलनावरून निघतं. आयटमचा कोड एक, पार्टीचा कोड एक, बाकी शिल्लक कधीही बघता येते. जोडणाऱ्या थरात चलन टॅलीत सेव्ह झालं की थर ते उचलतो, जीएसपीच्या (जीएसटी यंत्रणेशी जोडून देणारी अधिकृत कंपनी) एपीआयमधून, म्हणजे सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरशी थेट बोलायच्या वाटेने, ई-वे बिल काढतो, नंबर परत चलनावर लिहितो आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवतो. तिसऱ्या वाटेत यातलं काहीच आपोआप होत नाही; फक्त कोणी, काय, कुठे लिहायचं हे ठरलेलं असतं.

थर निवडताना एक गोष्ट जरूर तपासा. तो पोर्टलशी एपीआयने बोलतो की स्क्रीनवर क्लिक करणारा बॉट वापरतो? 1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांनाच दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं आहे. रात्री दहाला गाडी भरून उभी, बॉट ओटीपीसाठी थांबलेला आणि ओटीपी येतो तो मोबाइल अकाउंटंटच्या घरी, असा प्रकार मग ठरलेलाच. क्लिक करणारे बॉट वाईट नाहीत. ग्राहकाच्या व्हेंडर पोर्टलला दुसरा दरवाजाच नसेल तिथे ते जरूर वापरावेत. पण ज्याच्यावर गाडी सुटणं अवलंबून आहे ते काम त्यांच्यावर टाकू नये.

सूटच्या बाजूने बोलायचं तर हिशेबाची शिस्त हा तिचा मोठा गुण. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहावी लागते आणि ती बंद करता येता कामा नये. सगळं एकाच ठिकाणी असलं की हे सोपं जातं. थर वापरणार असाल तर त्याने टाकलेल्या नोंदींना वेगळं युजरनेम द्या. नाहीतर मशीनची एंट्री अकाउंटंटच्या नावावर पडते आणि ऑडिटला उत्तर त्या बिचाऱ्याला द्यावं लागतं.

सूटचा खरा खर्च लायसन्सपेक्षा बदलात जातो. ईआरपीनेक्स्ट या ईआरपीचा कोड फुकट आहे, म्हणून ते बसवणं फुकट होत नाही. तिन्ही प्लँटचे आयटम मास्टर, म्हणजे मालाच्या मूळ याद्या, साफ करायच्या, तर एकच ब्रॅकेट तीन नावांनी सापडणार: एकीकडे पॅटर्न नंबरने, दुसरीकडे ग्राहकाच्या ड्रॉइंग नंबरने, तिसरीकडे नुसतं ‘छोटा ब्रॅकेट’ म्हणून, आणि तिघांवर एचएसएन (करासाठीचा मालाचा कोड) मात्र 7325. हे निस्तरायला फौंड्रीतला जुना माणूसच लागतो. कन्सल्टंटला ते जमत नाही. आणि हे काम तिन्ही वाटांवर करावंच लागतं. मास्टर न जुळवता थर बसवलात तर चुकीचा माल जास्त वेगाने चुकीच्या नावावर जाईल.

तिसरी वाट स्वस्त आहे म्हणून तिला कमी लेखू नका. प्रत्येक ऑटोमेशनची एका ओळीत नोंद करा: ते काय करतं, कोणाच्या जबाबदारीवर आहे, कोणाच्या लॉगिनवर चालतं, बंद पडलं तर हाताने काय करायचं. यादी करायला बसलात की नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या ईमेलवर चालणारं काही ना काही सापडण्याची शक्यता मोठी आहे. ते आधी कंपनीच्या खात्यावर घ्या.

पगार मात्र एका प्रवाहात कोंबायच्या भानगडीत पडू नका. कर्नाटकात व्यवसाय कर महिन्याला 25,000 रुपये पगारापासून सुरू होतो. महाराष्ट्रात पुरुषांना 7,500 च्या वर लागतो आणि स्त्रियांना 25,000 पर्यंत माफी आहे. 1 नोव्हेंबरला उद्यमबागेत राज्योत्सवाची सक्तीची सुट्टी, तर कागलला कामाचा दिवस. एकच कॅलेंडर लावलंत तर हजेरी कुठेतरी चुकणारच. दोन्ही राज्यांचा पगार आपापल्या ठिकाणी होऊ द्या, एकत्र आणा फक्त महिन्याची बेरीज.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे निर्णायक आहे, डेमोत मात्र तो निघतच नाही. मंजुरीचा मेसेज इंग्रजीत आला की लाइनवरचा सुपरवायझर तो उघडत नाही, ऑफिसला फोन करतो आणि सगळी साखळी परत तोंडी चालू होते. शॉपफ्लोअरवर जाणारा प्रत्येक मेसेज मराठीत आणि कन्नडमध्ये पाठवता यायला हवा.

पैशाचं थोडक्यात. झॅपियर हे जोडणारं साधन टास्कवर, म्हणजे आपोआप झालेल्या प्रत्येक पायरीवर पैसे लावतं. पॉवर ऑटोमेटचं लायसन्स माणशी किंवा बॉटमागे घ्यावं लागतं. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं तर कंपनीच्या अंतर्गत कामाला फुकट चालतं, पण तो सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तुमची चलनं रोजची दहा असतील तर टास्कवरचा हिशेब परवडेल. रोजची पाचशे असतील तर आधी कागदावर गुणाकार करून बघा, कारण एका चलनामागे चार-पाच टास्क सहज होतात.

तेव्हा एकच प्लँट आणि जुना ईआरपी असेल तर सूट घ्या. दोन राज्यांत युनिटं आणि प्रत्येकाचं बसलेलं सॉफ्टवेअर असेल तर थर घ्या, आणि तोही पहिल्यांदा फक्त डिस्पॅचसाठी. आयटी बघणारा एकच माणूस असेल तर यंदा नोंदवही आणि मास्टर एवढंच हातात घ्या.

डेमोला येणाऱ्याला त्याचं तयार उदाहरण दाखवू देऊ नका. तुमचं उद्यमबाग-कागल चलन त्याच्या हातात द्या. ते चालवून झालं की तेच रद्द करायला सांगा. ई-वे बिल 24 तासांच्या आत रद्द करता येतं, तेही वाटेत तपासणी झाली नसेल तरच. टॅलीतली नोंद, जॉबवर्कचं रजिस्टर, ड्रायव्हरचा मेसेज या तिन्ही ठिकाणी ते रद्द झालेलं दिसतं का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मगच कोटेशन मागा.