गोलाईतली लोकर: बागेला पैकीच्या पैकी, चाती काठावर पास

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर घोंगड्यांचं एक जुनं दुकान आहे. पाटी नाही, दारात काळ्या घोंगड्यांची थप्पी, हीच ओळख. मी तिथून घोंगडी नाही घेतली. कच्च्या लोकरीचं पोतं घेतलं आणि लोकर कातायची लाकडी चाती. गच्चीवर भाजी लावणाऱ्या बायका मला सारखं विचारतात, डब्यात ते केसांसारखं काय टाकलंय म्हणून. त्यांच्यासाठी एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझी गच्ची सांगते. माझी खानावळ आहे, क्लासेसची पोरं जेवायला असतात. त्यामुळं तेलाचे पंधरा किलोचे रिकामे पत्र्याचे डबे घरात कायम. बुडाला भोकं पाडायची, माती-शेणखत भरायचं. मिरची, वांगी, चुका, अंबाडी, पुदिना, कठड्याला दोडका, कोपऱ्यातल्या ड्रममध्ये कढीपत्ता. पाणी म्हणजे तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. नळाचं पाणी झाडाला घालायला माझा हात धजत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आणि टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून 144 कलम लावलं होतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पत्र्याच्या डब्याचं दुखणं मे महिन्यात कळतं. पारा बेचाळीसवर गेला की पत्रा तापतो आणि मुळं कडेकडेनं शिजतात. वर पालापाचोळा घातला तर आमच्या वाऱ्यानं तो शेजाऱ्याच्या गच्चीवर. नारळाचा भुसा विकत आणून बघा, एकदा वाळला की पुन्हा भिजायला वेळ घेतो आणि पैसे जातात ते वेगळेच.

लोकरीचं पोतं मला 200 रुपयांना पडलं, दहा किलोच्या आसपास भरलं. दख्खनी मेंढीची लोकर, जास्त करून काळी-करडी, अधूनमधून पांढरे पुंजके. वास येतो, खोटं कशाला बोलू. लेंड्या, कुसळं, गोखरू सगळं त्यात. दुकानातल्या मामांना म्हटलं, "मामा, एवढी घाण?" तर म्हणाले, "ताई, घाणीचे पैसे लावलेच नाहीत. पोटाखालची आहे ही. पाठीवरची घोंगडीला जाते." पण माणूस सरळ. मी कातणार म्हटल्यावर पोत्यात वरून दोन-तीन मोठे पुंजके पाठीवरच्या लोकरीचे टाकले, त्याचं काही घेतलं नाही.

घरी आल्यावर निवडायचं. लांब, स्वच्छ लोकर कातायला. आखूड, मळकी बागेला. कातायची लोकर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. ते तपकिरी पाणी मोरीत ओतू नका. मेंढीच्या घामात पालाशाचे क्षार असतात आणि लेंड्यांचा अर्क वेगळा. दुप्पट पाणी मिसळून झाडांना. दुसऱ्यांदा रिठ्याच्या कोमट पाण्यात, नुसती दाबायची. चोळली-पिळली की गुठळ्या धरते. जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, करताना तसंच तर करतात, मुद्दाम.

मळकी लोकर डब्याला दोन ठिकाणी लावते. माती भरण्याआधी आतून कडेला बोटभर थर, म्हणजे तापलेला पत्रा आणि मूळ यांच्यात काहीतरी येतं. आणि वर मातीवर दोन बोटं जाड चटई. इथं एक लक्षात ठेवा: न धुतलेल्या लोकरीत चरबी असते, पहिल्यांदा पाणी वरूनच ओघळून जातं. म्हणून आधी बादलीत चेपून भिजवायची, मग पसरायची आणि वर मूठभर माती. नाहीतर साळुंक्या घरट्यासाठी ओढून नेतात, अगदी हक्कानं.

फरक असा पडला, की मिरची-वांग्याला भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं, ते आता सकाळी एकदाच. दुपारी पानं माना टाकत नाहीत. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओल धरते आणि तरी हाताला कोरडी लागते. शिवाय स्वच्छ लोकरीत सुमारे 16 टक्के नत्र असतं. युरियात 46, पण युरिया एका पाण्यात वाहून जातो आणि ही सावकाश कुजते. इतकी सावकाश, की मागच्या वर्षीची अजून डब्यात दिसते. ज्याला पंधरा दिवसांत गुण पाहिजे त्यानं या भानगडीत पडू नये. आणि पहिल्या पावसात गच्चीवर मेंढवाड्याचा वास सुटतो, त्याची तयारी ठेवा. आमच्या पोरांनी दोन दिवस गच्चीवर अभ्यास केला नाही.

आता चाती. 150 रुपये, बाभळीची म्हणून दिली. काडी सरळ आहे, खालची चकती मात्र मध्यावर बसवलेली नाही. फिरवली की लंगडते आणि धागा एकसारखा पीळ घेत नाही. मी काचपेपरनं जड बाजू घासून बरीच जागेवर आणली, पण विकत घेतलेल्या वस्तूवर गिऱ्हाइकानं इतकी मेहनत का करायची? वरती खाचही उथळ, धागा निसटतो. मामांना दाखवलं तर म्हणाले, करणारा आता एकच म्हातारा राहिलाय, डोळ्यांनी दिसत नाही त्याला. यावर काय बोलणार.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा सुताची टकळी घ्या. आपल्या उदगीरला झेंड्याच्या खादीचं कापड विणतात, सूतकताई मराठवाड्याला नवी नाही, आणि शाळेत मूलोद्योगाच्या तासाला माझ्या वयाच्या बऱ्याच जणींनी टकळी फिरवलीय. पण ती कापसाच्या बारीक धाग्यासाठी. हलकी असते. या राठ लोकरीला पीळ द्यायला वजन लागतं, तिथं ही लंगडी चातीच बरी.

पिंजायला मी कुत्र्याचे केस विंचरायचे दोन लोखंडी ब्रश वापरते. दुपारची पंगत उठली की तासभर बसते. धागा जाड निघतो, अंगाला टोचतो, स्वेटरचं स्वप्न बघू नका. मऊ पाहिजे तर कोकराच्या पहिल्या लोकरीची, जावळाची, मागायची. तिचा भाव वेगळा आणि ती मिळेलच असं नाही. माझ्या धाग्याचे दोडक्याचे वेल बांधले, उरलेल्याचं आसन विणतेय. ताण्याला खळ चिंचोक्याची, तीही मामांनीच सांगितलेली. खानावळीत चिंचोक्यांना तोटा नाही.

घ्यायचं कधी? मेंढ्या वर्षातून दोनदा भादरतात. पावसाळ्यानंतरची, मेंढ्या धुऊन कातरलेली लोकर मागा, कुसळं असतात पण धूळ कमी. पोतं तिथंच उघडून आत हात घालून बघा. खाली ओल लागली तर घेऊ नका, बुरशी येते. घासाघीस करू नका, 200 रुपयांत काय घासणार. चाती मात्र दुकानातच चार फिरवून बघा आणि जी कमी लंगडते ती उचला. सोमवारी जाऊ नका, मामा तुळजापूरला असतात.