‘ऑडिट’ चाचणी: दारूचा प्रश्न ओळखायला कितपत उपयोगी?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी मोफत आहे आणि पाचेक मिनिटांत भरून होते. पिणं हाताबाहेर चाललंय का, हे स्वतःचं स्वतः तपासायला साधन चांगलंच आहे. पण भरताना चूक होते ती सुरुवातीलाच.

पहिले तीन प्रश्न किती वेळा आणि किती पिता याचे. इथे एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, तुमचा ग्लास नव्हे. मिलिलिटरला टक्केवारीने गुणा, 100 ने भागा आणि 0.79 ने गुणा. 40 टक्क्यांचा 60 मिलीचा पेग 19 ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दोन ड्रिंक. 8 टक्क्यांची 500 मिली स्ट्राँग बिअर तीनच्याही वर. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारे इथेच फसतात. अंदाजाने ओतत असाल तर आठवडाभर मापाने ओता, लिहून ठेवा, मग चाचणी भरा.

40 पैकी 8 गुणांपासून धोका धरतात. स्त्रिया आणि पासष्टीपुढच्यांसाठी 7 पासून. 20 किंवा जास्त आले तर तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायलाच हवं. आमच्या मते बेरजेइतकंच चौथ्या ते सहाव्या प्रश्नाकडे पाहावं: सुरू केल्यावर थांबता येत नाही, ठरलेली कामं राहतात, सकाळी उतारा लागतो. इथे गुण पडले तर बेरीज कमी असली तरी अवलंबित्वाची सुरुवात असू शकते.

चाचणीची मोठी उणीव म्हणजे दारू एकदम सोडणं किती धोक्याचं ठरेल, हे ती सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो; पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. सकाळी हात कापत असतील किंवा आधी कधी फिट आली असेल, तर घरी निर्धार करून बसू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि थायमिन (ब1 जीवनसत्त्व) घेऊनच सोडा.

त्यापुढे आधार लागतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाच्या सभांना फी नसते, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, पिणारा तयार नसला तरी त्यांनी जावं. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट ही औषधं डॉक्टर देतात.

डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास घडवणारं औषध, मात्र जेवणात गुपचूप मिसळू नका. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो, आणि पिणाऱ्याला आपल्याला काय होतंय हेच कळत नाही.