गेमिंग पीसीला हवा की पाणी?

धाकट्या भावाने रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर घेतला आणि आता तो थंड ठेवायला एअर कूलर (पंख्याच्या हवेवर चालणारा) की लिक्विड (नळ्यांमधून द्रव फिरवणारा), यावर अडून बसलाय.

आधी खर्च. चांगला टॉवर एअर कूलर दोन-चार हजारांत येतो. ३६० मिमी रेडिएटरच्या (द्रवातली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) लिक्विडला त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात.

खरा फरक टिकण्यात आहे. एअर कूलरमध्ये हलणारा भाग म्हणजे फक्त पंखा, तो गेला तर नवा लावायचा. लिक्विडमध्ये द्रव फिरवणारा पंप असतो, शिवाय नळ्यांमधून द्रव वर्षानुवर्षे थोडा थोडा उडतो. पंप बंद पडला की बहुतेकदा अख्खा संच बदलावा लागतो. गळती क्वचित होते, पण झाली तर ग्राफिक्स कार्डावरही ठिबकू शकते. धूळ दोन्हीकडे साफ करावीच लागते.

आणि मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर दोन्हीपैकी कुणीही प्रोसेसर त्याखाली नेऊ शकत नाही.

७८००एक्स३डी गेममध्ये फार वीज खात नाही. त्याला एअर कूलरच घ्यावा, फक्त कॅबिनेटमध्ये कूलरची उंची मावते का ते मोजावं. २५३ वॉटपर्यंत जाणाऱ्या इंटेलच्या आय९-१४९००के प्रोसेसरवर तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने, किंवा उंच कूलर न मावणाऱ्या कॅबिनेटवाल्याने लिक्विड घ्यावं.