म्हाताऱ्या फायटर माशासाठी घेतलेला 50 वॅटचा हीटर: नऊ महिन्यांचा अनुभव आणि दोन रबरी कपांची तक्रार

गेल्या मंगळवारी पहाटे माशाच्या टाकीतून काचेवर काच आपटल्यासारखा आवाज आला आणि मी अंथरुणातून उठून तशीच धावले. दोन रबरी कपांनी आतून काचेला चिकटवलेला, पाणी तापवणारा हीटर पुन्हा निसटून तळाला पडला होता. नऊ महिन्यांतली ही तिसरी वेळ. या हीटरबद्दल मी नोव्हेंबरात पाचपैकी पाच तारे देऊन चार ओळी लिहिल्या होत्या. तो अभिप्राय वाचून कोणी हीटर घेतला असेल तर पुढचं सगळं वाचायचा त्यांचा हक्क आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मासा लेकीचा. अकरावीत असताना, 2022 च्या जूनमध्ये, तिने हा निळा फायटर आणला आणि नाव ठेवलं निळू. दुकानातला लांब शेपटीचा नर बहुधा सहा महिन्यांच्या पुढचाच असतो. म्हणजे आता निळूचं वय साडेतीनच्या वर. फायटर साधारण दोन ते चार वर्षं जगतो, तेव्हा हा आमच्या घरातला आजोबाच. लेक आता पुण्याला हॉस्टेलवर असते. फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, "आई, निळू कसा आहे?" हा असतो.

नाशिकची थंडी नाशिककरांना सांगायला नको. निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा आमच्या बैठकीतल्या टाकीचं पाणी सकाळी 18 अंशांवर असतं. फायटर मूळचा थायलंडकडच्या उथळ, उबदार पाण्यातला. त्याला 25 ते 28 अंश लागतात. तरुणपणी त्याने दोन हिवाळे कसेबसे काढले. टाकीला जुनी शाल गुंडाळायची, दिवसा उन्हाच्या तिरिपेत सरकवायची, असं आमचं चाललं होतं. हे चुकीचं होतं, आता कळतं, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतं. दिवसा 24, पहाटे 18 अशी रोजची चढउतार म्हाताऱ्या माशाला स्थिर थंडीपेक्षाही त्रासाची. गेल्या ऑक्टोबरअखेर तो तळाशी पडून राहायला लागला. पोट फुगलं, खवले मात्र सपाट होते. वरून पाहिल्यावर खवले देवदाराच्या बोंडासारखे उभे दिसले तर ते जलोदराचं लक्षण, आणि त्यातून मासा क्वचितच वाचतो. आमचं तिथवर गेलं नव्हतं. थंड पाण्यात पचन मंदावतं, त्यात मी दिवसाला सहा-सात दाणे टाकत होते.

तेव्हा हा हीटर मागवला. साडेसहाशे रुपये. वॅट, लांबी, काचेची नळी, वर तापमानाची फिरकी, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पहिला महिना अक्षरशः चमत्कारासारखा गेला. एका दिवसात एकदम वाढवायचं नाही म्हणून रोज दोन अंश असं करत 27 वर आणलं. दोन दिवस उपास दिला, पाच लिटरच्या डब्यात अर्धा चमचा एप्सम सॉल्ट घालून त्यात ठेवला. (हे खायचं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट. औषधाच्या दुकानात मिळतं. दोन्हींचं काम वेगळं, एकाच्या जागी दुसरं घालू नका.) वाटाणा सोलून खायला द्या असं बरेच जण सांगतात. ते गोल्डफिशला ठीक, फायटर मांसाहारी आहे, त्याला त्यातून काही मिळत नाही. चौथ्या दिवशी पोट उतरलं. दहाव्या दिवशी निळूने मला पाहून कल्ले फुलवले. ते मी सहा महिन्यांनी पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच रात्री पाच तारे देऊन टाकले.

आता मुद्द्यावर येते.

म्हातारा फायटर आणि तरुण फायटर यांची टाकी एकच असून चालत नाही. फायटरला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवेतून श्वास घ्यायचा एक अवयव असतो. मासा वर येऊन तोंडाने हवा घेतो, आणि ती मिळाली नाही तर पाण्यात प्राणवायू असूनही गुदमरतो. वय झालं की वर यायची ताकद कमी होते. निळू अर्ध्यावर येऊन परत खाली जायचा. म्हणून मी पाण्याची उंची 20 सेंटीमीटरवरून 12 वर आणली. वर झाकण ठेवलं, म्हणजे पाण्यावरची हवाही उबदार राहते. पृष्ठभागाखाली दोन बोटांवर प्लॅस्टिकचं पान लावलं, त्यावर तो टेकतो आणि मान वर केली की हवा मिळते. आजारी, थकलेल्या फायटरसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कोणती विचाराल तर औषध नाही, हे उथळ पाणी.

पण पाणी 12 सेंटीमीटर झालं की 22 सेंटीमीटरचा हीटर उभा लावता येत नाही. त्यावरची किमान पाण्याची रेघ बुडायलाच हवी, नाहीतर उघडी काच तापून तडकते. तो आडवाच लावावा लागतो. आणि आडव्या हीटरचा सगळा भार त्या दोन रबरी कपांवर येतो. उभा असताना एक कप सुटला तरी तो फार तर कलतो. आडवा असताना एक सुटला की टोक खाली, आणि दोन्ही सुटले की हीटर माशाच्या झोपायच्या जागी.

पहिल्यांदा हे झालं जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या रात्री. सकाळी सहाला झाकण उघडलं. हीटरचं एक टोक वाळूत रुतलेलं, तो तापत असल्याचा लाल दिवा लागलेला, आणि निळू हीटर आणि काच यांच्या फटीत अडकलेला. हलत नव्हता. मी आधी बटण बंद केलं (टाकीत हात घालण्याआधी वीज बंद, हे कायम लक्षात ठेवा), हीटर उचलला. निळू हळूच आडवा तरंगत बाहेर आला. डाव्या कुशीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग, तिथले खवले गेलेले, शेपटीची कड विरलेली. तरुण मासा चटका बसताच पळाला असता. म्हाताऱ्याला ऊब हवी असते म्हणून तो हीटरला खेटूनच झोपतो, आणि हीटर अंगावर आला तर त्याला निघता येत नाही.

पुढचे तीन आठवडे रोज पाव पाणी बदललं. गीझरचं गरम पाणी मिसळून, थर्मामीटर लावून, टाकीच्या पाण्याइतकंच ऊन करून, क्लोरीन मारायचे थेंब टाकून. सोबत देशी बदामाचं वाळलेलं पान. ऑनलाइन दहा पानांचं पाकीट दीडशे रुपयांना विकतात. आमच्या शाळेच्या आवारात झाड आहे, पिकून आपोआप गळलेली तांबडी पानं मी वेचून आणते, धुते, वाळवते. फवारणी होत असेल अशा झाडाची घेऊ नका. पाणी चहासारखं होतं, मासा शांत राहतो, जखमेला बुरशी धरली नाही. डाग भरून आला, खवले मात्र आले नाहीत.

कप काढून पाहिले तर दोन महिन्यांत ते प्लॅस्टिकच्या बुचासारखे कडक झालेले. बोटाने दाबले तर वाकेनात. मी कंपनीला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं, कप हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. बरं, विकत द्या. सुटा मिळत नाही. मग फोन केला. तिकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, हीटर गरम होतोय ना? मग हीटरमध्ये दोष नाही." चार मेल आणि दोन फोनांनंतर हाती काय आलं, तर नवा हीटर घेतल्यास दहा टक्के सूट. दहा रुपयांच्या रबरासाठी चालू हीटर फेकून साडेसहाशेचा नवा घ्यायचा, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. त्या दिवशी मी पाचाचा एक तारा केला.

माझा राग खरा होता, पण तो एक तारा अर्धाच बरोबर होता, हे नंतरच्या महिन्यांत कळलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून कप सोडून बाकी हीटरची नीट तपासणी केली. फिरकीवर 26 लावलं की पाणी 28 वर जातं. हा दोन अंशांचा फरक नऊ महिने तसाच आहे, वाढला नाही, कमी झाला नाही. साठ रुपयांचा काचेचा थर्मामीटर लावून फिरकी 25 वर ठेवली, पाणी 27 वर राहतं. फेब्रुवारीत एक पूर्ण दिवस लाल दिवा किती वेळ लागतो याची नोंद केली. जवळपास निम्मा वेळ. म्हणजे दिवसाला 0.6 युनिट, महिन्याला 18. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लावल्यावर तो वेळ एक तृतीयांशावर आला. थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातलं, फुकट. वीज दीड तास गेली तेव्हा पाणी जेमतेम सव्वा अंश उतरलं. इतकं सातत्य या किमतीत मला अपेक्षित नव्हतं.

एक चूक मात्र माझी. 12 लिटरला 50 वॅट जास्त आहेत. हिशोब सोपा आहे: 12 लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण 50,000 जूल लागतात, 50 वॅटचा हीटर ते सतरा मिनिटांत देतो. थोडी उष्णता बाहेर जाते हे धरलं तरी आतला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा भाग) कधी चिकटून राहिला तर सकाळपर्यंत मासा शिजेल. 25 वॅटचा तेवढा वेगाने तापवूच शकत नाही. लहान टाकीला 25 चाच घ्या. दुकानदार मोठा देतात, कारण तोच शिल्लक असतो.

मार्चमध्ये कप पुन्हा सुटला. दिवसा, मी समोरच असताना. तो काढून रविवार कारंजाजवळच्या एका छोट्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने कप बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काकू, फेकू नका. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, मऊ पडतो. पण दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा कडक होणार. हे साधं रबर आहे, हीटरला लागून भाजतं." खरंच मऊ पडला. काचेची ती जागा शेवाळ खरवडून, ओल्या फडक्याने पुसून लावला तर पक्का बसला. हे कंपनीच्या माणसांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. चार मेलांत एकदा तरी सांगता आलं असतं.

आणि ते पानाचं उदाहरण पाहा. निळू ज्यावर टेकतो ते प्लॅस्टिकचं पान नव्वद रुपयांचं. त्यालाही तसाच कप आहे. तो नऊ महिन्यांत एकदाही हलला नाही, कारण त्याला उष्णता लागत नाही. म्हणजे कप टिकवता येतो, फक्त हीटरला लागणारा कप उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा हवा. जे यंत्र तापवण्यासाठीच बनवलंय, त्याचे कप उष्णतेने कडक होणारे देणं हा निष्काळजीपणा आहे. हीटरच्या पेटीवर वॅट लिहिलेत, वायरची लांबी लिहिली आहे, काचेची जाडी लिहिली आहे. कप कशाचा आहे ते कुठेही लिहिलेलं नाही.

पावसाळ्यात हीटर बंद करता येईल असा माझा समज होता, तोही बदलला. जुलैत झड लागली की खोली 23 वर येते, आणि म्हाताऱ्या माशाला तेवढं पुरत नाही. दोन दिवस बंद ठेवला तर निळूने दाणा तोंडात घेऊन थुंकला. चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी खाल्ला. आता वर्षभर चालूच.

मंगळवारी पहाटे तिसऱ्यांदा पडला तेव्हा निळू पानावर होता, त्याला काही झालं नाही. माझे हात मात्र थरथरत होते. कप उकळायला दोन आठवडे उशीर मीच केला होता. त्याच संध्याकाळी त्याच दुकानातून सिलिकॉनचे दोन कप आणले, पंचवीस रुपयांना जोडी. नळीवर किंचित सैल बसतात म्हणून आत सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. शिवाय हीटरभोवती जाळीची प्लॅस्टिक नळी चढवली, म्हणजे तो पडला तरी काच अंगाला थेट लागणार नाही. दर रविवारी पाणी बदलायच्या वीस मिनिटं आधी हीटर बंद करते, आणि पुन्हा चालू करण्याआधी दोन्ही कप अंगठ्याने दाबून पाहते.

तर आजचा आकडा: हीटरला साडेतीन तारे, कपांना शून्य, कंपनीच्या उत्तरांना शून्य. घ्यायचाच असेल तर 25 वॅटचा घ्या आणि पहिल्याच दिवशी त्याचे कप बदला.

लेक गणपतीला येतेय. तिला फोनवर सांगून ठेवलंय की निळूचा उजवा डोळा आता दुधी झालाय, त्या बाजूने दाणा दाखवला तर त्याला दिसत नाही. डावीकडून, पानाच्या अगदी जवळ धरायचा, आणि तो मान वळवेपर्यंत हात हलवायचा नाही.