'कोलंबो', पहिल्या सीझनचा डीव्हीडी संच : पायलट चित्रपटांसाठी घ्यावा असा

'कोलंबो' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा नायक, लॉस एंजेलिस पोलिसांच्या खूनतपास विभागातला लेफ्टनंट कोलंबो, पहिल्या भेटीत कोणालाच धोकादायक वाटत नाही. चुरगळलेला रेनकोट, हातातला सिगार, बायकोच्या गोष्टी आणि निरोप घेऊन दारापर्यंत गेल्यावर मागे वळून विचारलेला आणखी एक किरकोळ प्रश्न, एवढ्यावरून समोरचा श्रीमंत, सुशिक्षित खुनी त्याला मोडीत काढतो. खून कोणी केला हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्यामुळे सारी उत्कंठा, या माणसाला आपली गाठ कोणाशी पडली आहे हे केव्हा उमगते, यावर एकवटते.

संचात १९७१-७२ चे सात भाग आहेत, आणि त्यांतला तरुण स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेला भाग उत्तमच आहे. तरीही हा संच विकत घ्यावा तो १९६८ आणि १९७१ च्या दोन पायलट चित्रपटांसाठी, म्हणजे नियमित मालिकेआधी आलेल्या टीव्ही-चित्रपटांसाठी. पहिल्यात कोलंबो सुमारे अर्ध्या तासाने पडद्यावर येतो आणि पुढच्या भागांपेक्षा नीटनेटकाही दिसतो. पण त्यातला मनोविकारतज्ज्ञ त्याचा बावळटपणा हे मुद्दाम पांघरलेले सोंग आहे, असे त्याला तोंडावर सांगतो. दुसऱ्यात ली ग्रँटने साकारलेली वकीलही हेच ओळखते. मग हे दोघे का हरतात? कारण सोंग ओळखले म्हणजे माणूस ओळखला, अशी त्यांची समजूत होते. प्रत्येकाला पैशाने गप्प करता येते, हे गृहीत धरून वकील चालते आणि नेमकी तिथेच अडकते. प्रतिस्पर्ध्याला मूर्ख न ठरवता नायकाला मोठे करणारे असे लेखन मला दुर्मीळ वाटते, आणि त्याचे श्रेय रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक या निर्मात्या जोडीइतकेच कोलंबो साकारणाऱ्या पीटर फॉकच्या अभिनयालाही आहे. त्याच्या नजरेत क्षणभर चमकून जाणारी धार प्रेक्षकाला दिसते, खुन्याला दिसत नाही.

मालिकेच्या एका भागात रॉबर्ट कल्पने साकारलेला खासगी गुप्तहेर संस्थेचा मालक तर कोलंबोला नोकरीच देऊ करतो. तो प्रसंग पुन्हा पाहावा असा आहे. रॉडी मॅकडॉवल खुनी असलेला भाग मात्र फिका वाटला, कारण तिथला खुनी स्वतःच उथळ असल्याने त्याच्या गैरसमजाला वजन येत नाही.

नव्या प्रेक्षकाने दोन्ही पायलट आधी पाहावेत आणि मगच मालिकेकडे वळावे.